दाढीचा उतारा

"तेराचा पाढा म्हण. मोठ्यानं. आणि कडू लागलं की हात वर," मी म्हटलं.

विश्राम भुवड स्टुलावर ताठ बसला होता. तोंडावर रबरी मास्क, त्यावरून मी चढवलेलं पारदर्शक टोपरं. टोपऱ्याला पुढून बोटभर भोक असतं. त्या भोकातून मी पिचकारीनं कडू औषधाचा फवारा मारला.

"तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस..."

या औषधाचा कडूपणा सांगून कळायचा नाही. कारलं, किराईत, कडुनिंब ही त्याच्यापुढे पंगतीतली पक्वान्नं. जिभेला लागलं की माणूस थुंकतो, खोकतो, आणि सभ्य असला तर फक्त माझ्याच खानदानाचा उद्धार करतो. मास्क गालाला नीट चिकटला असेल तर आत काही येत नाही. केसभर फट असली तरी जीभ चुगली करते. परीक्षा एवढीच. विभागातले दोघे पास होऊन गेले होते. हा तिसरा, आणि याच्या गालांवर तीन आठवड्यांची दाढी.

रबराच्या कडेखालून केस बाहेर डोकावत होते. फवारा आत जातोय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण विश्रामचा पाढा काही थांबेना. तेरा साती एक्क्याण्णवला त्याच्या गळ्याची घाटी दोनदा वरखाली झाली. तेरा आठीला डोळ्यांत पाणी आलं. मांडीवरच्या मुठी आवळलेल्या. हात काही वर येईना.

"तेरा दाहे एकशे तीस," त्यानं एकदाचं संपवलं.

"लागलं कडू?"

"नाय मॅडम."

मी टोपरं काढलं, मास्क उतरवला. टेबलावर वाटीत गुळाचे खडे ठेवलेले असत, ज्यांना कडू लागलं त्यांच्यासाठी. विश्रामचा हात आपसूक वाटीत गेला. एक खडा तोंडात, त्याच्या पाठोपाठ दुसरा.

"कडू लागलंच नाही, तर गूळ कशाला रे?"

तिसऱ्या खड्याकडे निघालेला हात वाटेत थांबला. "गोड आवडतं, मॅडम."

मी घाटाखालच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कंपनीत सुरक्षा अधिकारी होते. सतरा वर्षं झाली होती. आमच्याकडे थायोनिल क्लोराइड वापरायचे. वरून पाण्यासारखं दिसतं, पण हवेतला ओलावा लागला की पांढरा धूर सोडतं, आणि तो धूर छातीत गेला की माणूस आयुष्यभर जिना मोजत चढतो. त्या विभागात मास्कची परीक्षा पास झालेलीच माणसं ठेवायची, असा नियम होता. पुढच्या शुक्रवारी सरकारी निरीक्षक यायचे होते. त्यांना तीन नावांची यादी दाखवायची होती. विश्राम आठ वर्षं कंत्राटावर होता आणि त्या यादीत नाव आलं की त्याला कायम करायचं ठरलं होतं. नाव नसेल तर दिवाळीनंतर गोडाऊनला, पोती उचलायला. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि फॅक्टरी मॅनेजर देवस्थळींना तर सगळ्यांत जास्त माहीत होतं, कारण विश्रामसारखा कसबी हाताचा माणूस त्यांना दुसरा मिळाला नसता.

"दाढी का वाढवलीस?"

"पुरळ येतं, मॅडम."

"दाखव."

"आता गेलं."

"मग काढ."

"न्हावी गावाला गेलाय."

"बाजारात पाच न्हावी आहेत. पाचही गेले? लग्नाला?"

चांगल्या माणसाला खोटं बोलायला लावलं की तो इतका गरीब दिसतो, की आपल्यालाच अपराधी वाटतं. माझ्यापुढे फॉर्म होता. पास आणि नापास असे दोन रकाने. मी दोन्ही कोरे ठेवले.

देवस्थळींना सांगितलं, तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, "अहो शिर्केबाई, तो स्वतः म्हणतोय ना कडू लागलं नाही? मग करा की सही."

"त्यानं गूळ खाल्ला."

"गूळ खाणं गुन्हा आहे?"

"दाढीवाल्यांसाठी पंख्याच्या हवेवर चालणारं टोपरं मिळतं. मागच्या वर्षीपासून मागतेय मी."

"ऑर्डर दिलीय. दिवाळीनंतर येईल. निरीक्षक दिवाळीआधी येतोय. तुम्ही बाईमाणूस, एका माणसाला दाढी करायला लावता येत नाही तुम्हाला?"

हे मला लागलं. कारण खरं होतं.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा झाली, रिअॅक्टरला झेंडूची माळ पडली. दरवर्षी विभागातला सगळ्यांत कुशल हात नारळ फोडतो. देवस्थळींनी नारळ विश्रामच्या हातात दिला. त्यानं तो तसाच विभागातल्याच गोसाव्याच्या हातात ठेवला. "तू फोड रे. माझा खांदा दुखतोय." सकाळी तोच खांदा दोनशे लिटरचा ड्रम लोळवताना मी पाहिला होता.

मला माणसांच्या बारीकसारीक गोष्टी मनात टिपून ठेवायची वाईट खोड आहे. दाढी नाही, नारळ नाही. मग आठवलं, दहा दिवसांपूर्वी गोडाऊनमधल्या एका कामगाराचे वडील वारले, तेव्हा सगळी शिफ्ट खांदा द्यायला गेली आणि हा स्मशानाच्या फाटकाबाहेर चपला राखत उभा होता. तिन्हींची बेरीज केली आणि मी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. आमच्या आजीनं हीच यादी आमच्या आजोबांना नऊ वेळा पाळायला लावली होती.

प्रसाद वाटताना त्याला बाजूला घेतलं. "कितवा महिना?"

त्याच्या हातातला पेढा पडला. "मॅडम, हळू बोला! पाचवा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाय."

"मी कोण, कुणीच नाही. कितवा?"

"चौथा लागलाय." तो बोटाला चिकटलेला पेढा खुडू लागला. "याच्या आधी दोन गेले. दोन्ही चौथ्यातच. पहिल्या वेळेला आपल्याला काय माहीतच नव्हतं, दाढी रोजची. दुसऱ्या वेळेला आयेनं बजावलं होतं, पण कंपनीच्या ओळखपत्राचा फोटो होता. म्हटलं, एका दाढीनं काय होतंय. आठव्या दिवशी..."

"विश्राम, दाढीनं मूल जातं यावर तुझा विश्वास आहे?"

"विश्वास नाय, मॅडम. भीती हाय."

मी त्याच्या गावचा पत्ता विचारून घेतला.

रविवारी मी मास्क, टोपरं आणि पिचकारी पिशवीत भरली आणि एसटीनं त्याच्या गावी गेले. जाताना मी मनाशी अगदी ठरवून गेले होते: म्हातारीला दोन शास्त्रीय गोष्टी समजावायच्या, चहा घ्यायचा आणि साडेचारची गाडी पकडायची.

विश्रामची आई भागीरथीबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मास्क हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाल्या, "बाय, तुमच्या कारखान्यात डोक्यावर पिवळी टोपी घालतात ना?"

"हो, हेल्मेट."

"या आठ वर्षांत आमच्या विश्रामच्या डोक्यावर काय पडलं?"

"काही नाही."

"मग काढून ठेवा की ती."

"असं कसं? एखाद्या दिवशी पडलं तर?"

"हां," म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

सतरा वर्षं मी प्रशिक्षणं घेत होते. हीच गोष्ट सांगायला मला दीड तास आणि बावीस चित्रं लागत. विश्राम खांबाला टेकून उभा होता. मला वाटलं तो हसतोय, पण तो घाबरला होता, कारण दारात चहाचे कप घेऊन त्याची बायको वनिता उभी होती.

"कसला धूर?" तिनं विचारलं.

"काय नाय गो..."

"तुम्हाला नाय विचारलं. बाई, कसला धूर? हे तर पाण्याच्या खात्यात आहेत ना?"

मी विश्रामकडे पाहिलं. आठ वर्षं त्यानं घरी सांगून ठेवलं होतं की आपण पाणी शुद्ध करायच्या खात्यात आहोत. आता खोटं बोलायची पाळी माझ्यावर होती आणि मला ते मुळीच जमत नाही. मी सगळं सांगितलं. धूर कसा असतो, कुठे जातो, मास्क काय करतो, आणि दाढी काय करते. कमी केलं नाही, वाढवलंही नाही. वनितानं चहाचे कप खाली ठेवले. ठेवताना एकही वाजला नाही.

"ते कडवाचं सोंग मला दाखवा," ती म्हणाली.

विश्रामला ओटीवर बसवलं. मास्क, वरून टोपरं. पिचकारी मी वनिताच्या हातात दिली, भोक दाखवलं, किती वेळा दाबायची ते सांगितलं. तिनं दाबली. तेरा एके तेरा सुरू झालं. म्हातारीनं तांदळाचं सूप बाजूला सारलं. या खेपेलाही तो देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा बसला होता. हात खाली.

"लागलं यांना," वनिता म्हणाली.

"नाय लागलं!" टोपऱ्यातून आवाज आला.

"कशावरून?" मी विचारलं.

"खोटं बोलले की यांचा डावा कान हलतो."

मी आणि म्हातारी, दोघी एकदम पुढे वाकलो. मास्कच्या पट्ट्याशेजारी तो कान पकडला गेलेल्या चोरासारखा लाल झाला होता.

"किती वेळा हलला?"

"बघायला लागल्यापासून थांबलाच नाय."

टोपरं काढल्यावर विश्राम ओटीच्या कडेला जाऊन खूप वेळ थुंकत राहिला. वनिता त्याच्या पाठीकडे बघत होती. मी माणसांचे चेहरे वाचून पोट भरणारी बाई, पण तिचा चेहरा मला वाचता येईना. रागावली असं म्हणावं तर तसंही नव्हतं. आपल्यासाठी कुणी इतकं कडू गिळतंय हे पहिल्यांदा कळल्यावर माणूस कसा दिसतो, ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

"आये," ती म्हणाली, "नियम नक्की काय हाय? यांनी दाढी करायची नाय, की यांची दाढी व्हायची नाय?"

म्हातारीनं मान वर केली. "म्हणजे?"

"तुम्हाला तुमच्या सासूनं काय सांगितलं? शब्दाला शब्द सांगा."

"पुरुषानं स्वतःला पातं लावू नये. न्हाव्यापुढे बसू नये."

"आणि बायकोनं केली तर?"

"बायका कधी नवऱ्याची दाढी करतात गो?"

"म्हणजे त्यांनी नाय म्हणून सांगितलं नाय."

हा माझा प्रांत होता. मी मध्ये पडले. म्हटलं, "आजी, आमच्याकडेही असं होतं. नियम जसाच्या तसा पाळता येत नसेल तर आम्ही तो मोडत नाही. एक कागद करतो. काय बदललं, कुठवर चालेल, बदल्यात काय काळजी घ्यायची, आणि जबाबदारी कुणाची. सही करून घेतो."

म्हातारीनं सूप पुन्हा पुढे ओढलं. "म्हणजे उतारा."

"तसंच म्हणा."

"मग असं सांग की सरळ."

त्यानंतर भागीरथीबाईंनी ज्या अटी घातल्या, तशा आमच्या निरीक्षकांनीसुद्धा कधी घातल्या नव्हत्या. मिशी काढायची नाही. मी त्याला मास्क लावून पाहिला, मिशी आतल्या आत राहत होती, मान्य केलं. शनिवारी आणि अमावास्येला पातं लावायचं नाही. केस जमिनीवर पडू द्यायचे नाहीत, अळवाच्या पानावर घ्यायचे आणि नदीत सोडायचे. आणि हे सगळं बाळंतपणापर्यंतच.

"आणि सही?" म्हातारीनं विचारलं. "जबाबदारी कुणाची?"

"माझी," वनिता म्हणाली. इतक्या पटकन, की मला ती थट्टा वाटली.

तिनं आतून विश्रामचं रेझर, साबण आणि तांब्या आणला. तिनं जन्मात कधी दाढी केली नव्हती, हे पहिल्या फटकाऱ्यालाच दिसलं. डाव्या हातानं त्याची हनुवटी धरून ती भिंतीला चुना लावावा तशी खालून वर गेली.

"वरून खाली गो," म्हातारी म्हणाली, आणि मग तोंड फिरवून परसाकडे बघत बसली. मुलाचा गाल असा दुसऱ्या कुणाच्या हातात बघायचा नसतो, असं काहीतरी असावं. विश्रामनं डोळे मिटून घेतले होते. मी अळवाचं पान धरून बसले होते, कारण ते काम मला नेमून दिलं होतं.

हनुवटीखाली पातं लागलं. रक्ताचा थेंब आला.

"दुखलं?"

"नाय."

"कान."

"दुखलं."

मग तिनं पदराच्या टोकानं तो थेंब टिपला आणि दुसरा गाल घेतला. दाढी झाल्यावर पुन्हा परीक्षा झाली. तेराचा पाढा पूर्ण. मी वनिताकडे पाहिलं, म्हातारीनं वनिताकडे पाहिलं. तिनं कानाकडे बघून मान डोलावली. यादीत नाव आलं.

साडेचारची गाडी केव्हाच गेली होती. साडेपाचच्या गाडीला वनिता मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. आंब्याच्या बांधावर आम्ही दोघी टेकलो. मी तिला चिडवलं, "वकील व्हायला हवी होतीस तू. सासूला चांगलं पकडलंस शब्दांत."

ती हसली नाही.

"बाई, मागच्या वेळेला ते गेलं ना, तर हे दिवसच्या दिवस गालावरनं हात फिरवत बसायचे. जेवता जेवता, बोलता बोलता. आये त्यांना एका शब्दानं बोलली नाय. यांनीच धरलं मनात. मी किती सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं. नाय." तिनं बांधावरची एक काडी मोडली. "आता काय व्हायचं असेल ते होवो. पण झालंच, तर या वेळेला त्यांनी आपल्या गालाला बोल लावायचा नाय. हात माझा होता. म्हणून सही माझी."

गाडी आली. मी चढले. मीही त्या फॉर्मवर सही करणार होते, निवांत मनानं. तिची सही माझ्या सहीपेक्षा किती महाग होती, ते मला एसटीच्या खिडकीत बसून कळलं. मी एका गरोदर बाईच्या घरी जाऊन तिच्यावर हे ओझं टाकून आले होते. काही बरंवाईट झालं असतं तर ती गप्प राहिली असती, आणि मला तिच्या त्या गप्प राहण्याला सामोरं जावं लागलं असतं.

शुक्रवारी निरीक्षक आले, यादी पाहिली, गेले. देवस्थळी खूष झाले. मग मी त्यांच्यापुढे महिन्याचं वेळापत्रक ठेवलं: शनिवारी आणि अमावास्येला थायोनिल बंद, त्या दिवशी देखभाल. ते म्हणाले, "बाई, हे काय पंचांग आहे?" मी म्हटलं, "दिवाळीनंतर येणारं टोपरं आलं की बदलू." टोपरं पुढच्या पावसाळ्यात आलं.

थायोनिलवर जाणाऱ्याची दाढी रोज व्हावी लागते. त्यामुळे वनिताला रोज सकाळी रेझर हातात घ्यावं लागे, आणि विश्रामला रोज शिफ्टआधी माझ्याकडे गाल दाखवायला यावं लागे. मी त्याला कधी विचारलं नाही. गालच सांगत. चौथा महिना संपेपर्यंत रोज दोन-तीन काप असायचे. एकदा गळ्याशी मोठा काप होता. त्या दिवशी ते तपासणीला जाऊन आले होते. पाचवा लागल्यावर एकच काप. मग आठवडाभर एकही नाही. सातव्यात पुन्हा वाढले. "वाकता येत नाय तिला," तो आपणहून म्हणाला. "मीच खाली बसतो, ती खुर्चीवर."

चैत्रात एका बुधवारी तो दुसऱ्या पाळीला आला. मी गालाकडे पाहिलं आणि माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

गाल तुळतुळीत होते. एक काप नाही, तुरटीचा वास, कल्ले एका रेषेत. ते न्हाव्याचं काम होतं. न्हावी याचा अर्थ बंधन सुटलं. कसं सुटलं ते मात्र गालावर लिहिलेलं नव्हतं. बंधन दोन्ही वाटांनी सुटतं.

तो उभा होता. मी फॉर्म सरळ केला, मग पुन्हा सरळ केला.

"मुलगी, मॅडम," तो म्हणाला. "काल दुपारी. पावणेतीन किलो."

मी खाली बघून रकाना शोधू लागले. तो नीट दिसत नव्हता.

"आणि वनिता?"

"बरी आहे. खाटेवरनंच तपासला मला. म्हणाली, न्हाव्यानं कानाखाली ठेवलंय, बाई पास करायच्या नायत."

मी उठून खिडकीच्या उजेडात त्याची मान वळवली. उजव्या कानाखाली खरंच चार केस राहिले होते.

मी नापासच्या रकान्यात ठसठशीत खूण केली, कारणाच्या जागी 'दाढी' लिहिलं आणि खाली सही केली.

"मॅडम! चार केस!"

"नियम म्हणजे नियम."

"मग आज मी काय करू?"

"दवाखान्यात जा. आणि तिला सांग, बाई म्हणाल्या, तुझं बरोबर होतं."